ऊन पिणारे सोने

उन्हात ठेवलेला काळा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते; मग ऊन पकडून पाणी तापवण्यासाठी सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण कशाला हवेत? अशा ‘प्लाझ्मॉनी’ नॅनोकणांविषयी वाचणाऱ्या सामान्य वाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, या कणांचे मोल ते ऊन ‘जास्त’ शोषतात यात फारसे नाही. उन्हातील कोणता भाग शोषायचा आणि उष्णता नेमकी कोठे निर्माण करायची, हे त्यांच्यामुळे ठरवता येते, यात ते आहे. हे उत्तर उलगडण्यासाठी सौदी अरेबियाइतका सोयीचा देश दुसरा नाही, कारण तेथे ऊन अमाप आहे, पाणी दुर्मीळ आहे, आणि या दोहोंची सांगड घालण्याचे प्रयत्न गच्चीवरच्या संग्राहकापासून संशोधनशाळेपर्यंत सर्व पातळ्यांवर झालेले आहेत.

१. उन्हाचा देश, पाण्याचा प्रश्न

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तेथील जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर वर्षाकाठी २,००० किलोवॉट-तासांहून अधिक सौर ऊर्जा पडते, आणि पश्चिमेला तांबड्या समुद्राचे पाणी महासागराच्या सरासरीहून खारट, म्हणजे लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम क्षार असलेले आहे. मुंबईहून बोटीने निघणारे हज यात्रेकरू ज्या जेद्दा बंदरात उतरत, तेथे ऑटोमन राजवटीच्या अखेरच्या काळात, १९०७ च्या सुमारास, समुद्राचे पाणी उकळून वाफ थंड करणारे यंत्र बसवण्यात आले. इंग्रजी ‘कंडेन्सर’ या शब्दावरून स्थानिक लोक त्याला ‘कंदासा’ म्हणू लागले. पुढे १९७४ मध्ये खाऱ्या पाण्याचे निःक्षारीकरण, म्हणजे क्षार काढून ते पिण्याजोगे करणे, यासाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि तेल व वायू जाळून पाणी मिळवण्याचा हा उद्योग देशाचा आधारस्तंभ बनला.

केवळ उन्हाने पाणी तापवण्याचे मोठे उदाहरणही त्याच देशात आहे. रियाधमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेथील प्रिन्सेस नूरा विद्यापीठाला गरम पाणी आणि इमारतींना ऊब पुरवण्यासाठी २०११-१२ च्या सुमारास सुमारे ३६,००० चौरस मीटर क्षेत्रफळाचे सौर संग्राहक उभारले गेले. संग्राहकाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ०.७ किलोवॉट उष्णता मिळते, असे धरण्याचा या क्षेत्रातील संकेत आहे. त्या हिशेबाने हे सारे मिळून सुमारे २५ मेगावॉट होतात. या संग्राहकांत सोन्याचा कणही नाही. तरीही ते कसे चालतात हे आधी पाहिले, तर नॅनोकणांची गरज कोठे सुरू होते हे कळते.

२. काळा रंग कोठे कमी पडतो?

सूर्यप्रकाश एकजिनसी नसतो. डोळ्यांना दिसणारे रंग मिळून त्याची निम्म्याहून थोडी कमी ऊर्जा होते. निम्म्याहून थोडा अधिक वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण अंगाला ऊब म्हणून जाणवणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. उरलेला लहानसा वाटा जंबुपार किरणांचा असतो. चांगला काळा रंग यांपैकी सुमारे ९५ टक्के ऊर्जा शोषतो. अडचण त्यापुढे सुरू होते. पत्रा तापला की तो स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकू लागतो आणि लगतची हवाही तापवू लागतो. शिवाय उष्णता पत्र्याच्या पृष्ठभागावर जन्मते, तेथून ती नळीत आणि नळीतून पाण्यात जाते. म्हणजे पाण्यापेक्षा पत्रा नेहमी अधिक तापलेला असावा लागतो, आणि जो सर्वांत गरम तोच सर्वांत जास्त उष्णता गमावतो.

यावर अभियंत्यांनी काढलेला उपाय म्हणजे ऊन शोषणारा, पण स्वतःची उष्णता सहसा बाहेर न टाकणारा ‘निवडक’ लेप. अशा लेपांपैकी एक जुना आणि प्रसिद्ध लेप ‘ब्लॅक क्रोम’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याची घडण पाहिली तर क्रोमियमच्या ऑक्साइडमध्ये विखुरलेले क्रोमियम धातूचे अतिसूक्ष्म कणच दिसतात. म्हणजे धातूच्या नॅनोकणांनी ऊन पकडण्याची युक्ती ‘नॅनो’ हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी गच्चीवर जाऊन बसली होती.

३. सोने लाल कधी दिसते?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. येथे ज्या कणांचा विचार करायचा आहे ते १० ते १०० नॅनोमीटरचे आहेत. दागिन्यातले सोने पिवळे असते, पण त्याचे २० नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लालभडक दिसते. ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातला रोमन ‘लायकर्गस’ पेला बाहेरून उजेड पडला की हिरवा आणि आतून उजेड आला की लाल दिसतो, तो काचेत मिसळलेल्या सोन्या-चांदीच्या अशाच कणांमुळे. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याची अशी लाल द्रावणे पद्धतशीरपणे तयार केली आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच असल्याचे प्रतिपादन केले. १९०८ मध्ये गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने त्या रंगाचा गणिती हिशेब मांडला.

लाल दिसण्याचा अर्थ उलट बाजूने वाचला पाहिजे. द्रावण लाल दिसते, कारण त्याने हिरवा प्रकाश गिळलेला असतो. गिळलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते.

४. झोपाळ्याचे गणित

धातूच्या आत काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात. ते सर्वत्र मोकळे फिरतात. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट असल्यामुळे ती लहान कणावर आदळली की हे सारे मोकळे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला सरकतात. दुसऱ्या बाजूला उघडा पडलेला धन विद्युतभार त्यांना मागे खेचतो. तोवर लाटेची दिशा उलटलेली असते. अशा रीतीने इलेक्ट्रॉनांचा सारा जमाव एका तालात मागेपुढे हेलकावू लागतो. या सामुदायिक हेलकाव्याला ‘प्लाझ्मॉन’ म्हणतात.

झोपाळ्याला कोणत्याही वेळी धक्का दिला तर तो अडखळतो, पण त्याच्या स्वतःच्या लयीत दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो. या लय जुळण्याला भौतिकीत अनुस्पंदन म्हणतात. सोन्याच्या लहान गोल कणाची लय सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. चांदीच्या कणाची सुमारे ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाशी. लय जुळली की कण आपल्या आकाराच्या मानाने फार मोठा घास घेतो: ४० नॅनोमीटरचा सोन्याचा गोल स्वतःच्या छेदाच्या क्षेत्रफळावर जितका हिरवा प्रकाश पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक प्रकाश शोषतो, जणू आजूबाजूने जाणारा प्रकाशही तो आपल्याकडे वळवून घेतो.

कणाचा आकार येथे निर्णायक ठरतो. लहान कणांच्या बाबतीत त्रिज्या दुप्पट केली तर शोषण आठपट होते, पण प्रकाश इकडेतिकडे फेकण्याची क्षमता चौसष्टपट होते. म्हणून उष्णता हवी असेल तर कण लहान ठेवावा लागतो. मोठा कण ऊन पिण्याऐवजी उधळून टाकतो. त्याचप्रमाणे गोलाऐवजी दांडीच्या आकाराचा कण घेतला, तर दांडी जितकी लांबट तितकी तिची लय मंद होऊन अवरक्त किरणांशी जुळते. सतारीच्या तारेची लांबी बदलून सूर बदलावा, तसा कणाचा आकार बदलून त्याने कोणते ऊन प्यायचे हे ठरवता येते.

हेलकावा फार टिकत नाही. त्याची ऊर्जा प्रथम मोजक्या इलेक्ट्रॉनांकडे आणि तेथून धातूच्या अणूंकडे जाते. हे सारे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या काही पटींत आटोपते. त्यानंतर कण आपली उष्णता लगतच्या पाण्याला देऊन टाकतो.

५. बंबाचे तत्त्व

महाराष्ट्रातील घरोघरी एकेकाळी असलेला तांब्याचा बंब येथे उपयोगी पडतो. चुलीवरच्या हंड्यात आग बाहेर आणि पाणी आत असते, त्यामुळे बरीचशी आच बाजूने निघून जाते. बंबात मात्र मधल्या नळीत निखारे आणि त्याभोवती पाणी असते, म्हणून थोड्या जळणात पाणी तापते. काळ्या पत्र्याचा संग्राहक हंड्यासारखा आहे. पाण्यात नॅनोकण मिसळले की त्याचा बंब होतो, कारण ऊन पारदर्शक काचेतून थेट पाण्यात शिरते आणि उष्णता पाण्याच्या पोटातच जन्मते.

यासाठी किती सोने लागेल, हे सहज काढता येते. २० नॅनोमीटरचे कण असलेल्या द्रावणात लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम सोने असेल, तर त्याचा एक सेंटिमीटर जाडीचा थर हिरव्या प्रकाशाचा ९० टक्के भाग शोषतो. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर. त्यासाठी लागणारे सोने अर्धा ग्रॅम, म्हणजे सराफाच्या जुन्या मापात जेमतेम चार गुंजा. अर्थात ही बेगमी फक्त हिरव्यापुरती झाली; उरलेल्या रंगांसाठी निरनिराळ्या लांबीच्या दांड्या मिसळाव्या लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक कण आपल्याभोवतीचे पाणी खळखळ उकळवतो, असे चित्र अनेकदा रंगवले जाते. पण साध्या उन्हात एकटा कण आपल्या आसपासचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढवू शकत नाही. पाणी तापते ते अब्जावधी कणांच्या एकत्रित वाट्यामुळे. त्यामुळे उष्णता किती मिळते याइतकेच ती किती थोड्या पाण्यात कोंडली आहे, हेही महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भिंगाने एकवटलेले ऊन नॅनोकणांच्या पाण्यावर टाकून, सगळे पाणी न उकळताच वाफ काढून दाखवली. त्यांनी नोंदवलेली एकूण ऊर्जा-कार्यक्षमता २४ टक्के होती.

६. मिठाने केलेली गंमत आणि ‘काळे सोने’

फॅरेडे यांनी पाहिलेली आणि आजही कोणत्याही रसायनशाळेत करून पाहता येणारी एक गोष्ट आहे. सोन्याच्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की पाहता पाहता त्याचा रंग जांभळट, मग निळसर-करडा होतो आणि काही वेळाने तळाशी गाळ बसतो. कणांच्या पृष्ठभागावर असलेला विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवत असतो. मिठामुळे तो झाकला जातो आणि कण गोळा होऊन चिकटतात. समुद्राचे पाणी तापवू पाहणाऱ्याला ही मोठी अडचण आहे, कारण ज्या पाण्यात कण सोडायचे, तेच पाणी त्यांना गाळात बसवणार.

परंतु याच घटनेत उपायही दडलेला आहे. दोन कण जवळ आले की एकाचा हेलकावा दुसऱ्याला ओढतो, त्यांची सामायिक लय बदलते आणि ते हिरव्याखेरीज इतर रंगही शोषू लागतात. करडा रंग येतो तो त्यामुळे. कण चिकटू न देता, ठरवलेल्या अंतरावर बांधून ठेवता आले तर हा दोष गुण होतो. सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, म्हणजे ‘कौस्ट’मध्ये, विवेक पोलशेट्टीवार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तंतूंच्या गुच्छासारखी रचना असलेली सिलिका प्रसिद्ध केली, तिचे ‘केसीसी-१’ हे नाव त्या विद्यापीठातील उत्प्रेरण केंद्राच्या आद्याक्षरांवरून आले आहे. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना पोलशेट्टीवार यांच्या गटाने अशाच तंतुमय सिलिकेच्या गोळ्यांवर सोन्याचे कण टप्प्याटप्प्याने वाढवले आणि कणांमधील अंतर बदलत नेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या या पदार्थाला त्यांनी ‘काळे सोने’ म्हटले, कारण तो दृश्य प्रकाशाबरोबर जवळच्या अवरक्त किरणांचाही मोठा भाग शोषतो. त्यांनी त्याचा उपयोग कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवण्यासाठी आणि उन्हाच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी मिळवण्यासाठीही करून पाहिला. तांबड्या समुद्राच्या काठी उगम पावलेली एक सिलिका अशा रीतीने अरबी समुद्राच्या काठी सोन्याचा आधार बनली.

७. थुवलमधील दोन वाटा

कौस्ट हे विद्यापीठ जेद्दाच्या उत्तरेला थुवल येथे अगदी समुद्रकाठी २००९ मध्ये सुरू झाले. ऊन शोषण्याच्या विषयात तेथून निघालेल्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वाट आंद्रेया फ्रातालोक्की यांच्या गटाची. आग्नेय आशियातील ‘सिफोकिलस’ नावाचा पांढराशुभ्र भुंगा आपल्या खवल्यांतील अस्ताव्यस्त जाळीमुळे बराचसा प्रकाश परतवतो. त्याच अस्ताव्यस्ततेचा उलटा उपयोग करून या गटाने सोन्याची सूक्ष्म दांडी आणि तिला जोडलेला लहान गोल असा कण घडवला. ४०० ते १,४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात तो ९८ ते ९९ टक्के प्रकाश शोषतो, आणि प्रकाश कोणत्या कोनातून आला याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी वाट पेंग वांग यांच्या गटाची. त्यांनी २०१५ मध्ये पोलादाच्या बारीक जाळीवर काळ्या रंगाच्या एका बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातील पदार्थाचा थर दिला आणि पाणी न धरणारी ती जाळी पाण्यावर तरंगत ठेवली. त्यामुळे ऊन थेट पाणी आणि हवा यांच्या सीमेवर, म्हणजे जेथून वाफ निघते तेथेच, उष्णता देते; खालचे पाणी फुकट तापत नाही. येथे बंबाचे तत्त्व तेच आहे, फक्त निखारे पाण्याच्या पोटाऐवजी त्याच्या कातडीवर मांडले आहेत, आणि सोन्याची गरज उरलेली नाही.

८. एक चौरस मीटरचा जमाखर्च

आता हिशेब मांडता येतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडते, म्हणजे तासाला ३,६०० किलोज्यूल. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला लिटरमागे सुमारे १६७ किलोज्यूल लागतात. सगळे ऊन कामी आले तर तासाला २१ लिटर गरम पाणी मिळेल. परंतु त्याच पाण्याची वाफ करायची असेल, तर किलोमागे सुमारे २,४०० किलोज्यूल द्यावे लागतात. ही ऊर्जा तापमान न वाढवता केवळ पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. त्यामुळे कण सोन्याचे असोत, काजळीचे असोत की आणखी कशाचे, त्यांनी शंभर टक्के ऊन शोषले तरी एका चौरस मीटरवर तासाला दीड लिटरहून फारसे पाणी वाफ होऊन मिळणार नाही.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग अधिक काळ्या पदार्थातून जात नाही. तो वाफ पुन्हा पाणी होताना परत देत असलेल्या उष्णतेतून जातो. वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये सौर विजेच्या पॅनेलखाली पाण्याचे थर एकाखाली एक रचले. पॅनेलची वाया जाणारी उष्णता पहिल्या थराची वाफ करते, ती वाफ थंड होताना दुसऱ्या थराला तापवते आणि दुसरा तिसऱ्याला. ११ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेने वीज मिळत असतानाच चौरस मीटरमागे तासाला १.६४ किलो पाणीही मिळाले.

आणखी एक तुलना टाळता येत नाही. समुद्राचे पाणी दाबाने पडद्यातून गाळण्याच्या, बोलीत ‘आरओ’ म्हणतात त्या पद्धतीला हजार लिटरमागे साधारण साडेतीन युनिट वीज लागते. २० टक्के कार्यक्षमतेचे एक चौरस मीटर पॅनेल तासाला ०.२ युनिट वीज देते. तिच्यावर सुमारे ५७ लिटर पाणी गाळता येते. दीड लिटरसमोर सत्तावन्न लिटर ठेवल्यावर मोठ्या शहरांचा पाणीपुरवठा नॅनोकणांच्या वाफेवर का चालणार नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. सौदी अरेबियाच्या ईशान्य टोकाला अल-खफजी येथे रोज ६०,००० घनमीटरचा प्रकल्प आखला गेला, तोही सौर विजेवर चालणाऱ्या आरओचाच.

९. मग या कणांची जागा कोणती?

आरओ जेथे हतबल होते, तेथे उष्णतेचे काम सुरू होते. गाळण्यानंतर उरलेले अतिखारट पाणी पडद्यातून पुढे ढकलणे कठीण जाते. ते उन्हाने आटवून मीठ वेगळे करणे शक्य असते, आणि कोकणातल्या मिठागरात शतकानुशतके चाललेले काम याच जातीचे आहे. वीज न पोचलेल्या ठिकाणी थोडे पिण्याचे पाणी, दवाखान्यातील उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वाफ, किंवा नुसते गरम पाणी, ही या तंत्राची खरी गिऱ्हाइके आहेत.

त्यासाठीही सोनेच हवे असे नाही. चीनमधील नानजिंग विद्यापीठात २०१६ मध्ये ॲल्युमिनियमच्या कणांनी ९६ टक्क्यांहून अधिक ऊन शोषून दाखवले गेले. कापणाऱ्या हत्यारांना सोनेरी मुलामा देणारे टायटेनियम नायट्राइड हेही उत्तम प्लाझ्मॉनी शोषक आहे, आणि ते सोन्याहून अधिक उष्णता सोसते. साधी काजळी तर प्लाझ्मॉनशिवायच सगळे रंग पिते. सोन्याचा मोठेपणा असा की, ते गंजत नाही आणि त्याच्या कणाचा आकार हवा तसा घडवता येतो, म्हणून नियम शोधण्यासाठी ते आदर्श ठरले. नियम सापडल्यावर रोजच्या राबणुकीला स्वस्त पदार्थ पुरतात.

म्हणून ‘९९ टक्के ऊन शोषणारा नवा पदार्थ’ अशी बातमी वाचनात आली, तर वाचकाने तीन प्रश्न विचारावेत: एका चौरस मीटरवर तासाला किती लिटर पाणी मिळाले, वाफेतील अप्रकट उष्मा परत वापरला का, आणि महिनाभर खाऱ्या पाण्यात व धुळीत राहिल्यावर पदार्थाचे काय झाले. ज्या बातमीत या तिन्हींची उत्तरे असतील, ती जपून ठेवण्याजोगी समजावी.